काफिर : एका शब्दाचा प्रवास

सन २०२४ च्या जुलै महिन्यात स्पेनची राजधानी माद्रिद येथे जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. वनस्पतींच्या लॅटिन नावांचे नियम अशाच परिषदांतून ठरतात, आणि एरवी त्या चर्चांत शास्त्राबाहेरच्या माणसास रस वाटावा असे फारसे काही नसते. त्या वर्षी मात्र एक निराळाच प्रश्न मतदानास आला. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रकिनाऱ्याला आपल्या पांगाऱ्याच्या कुळातील एक वृक्ष वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव 'एरिथ्रिना काफ्रा' असे होते. 'काफ्रा' म्हणजे काफिरांच्या देशचा. हे विशेषण ज्यांच्या नावात आहे अशा वनस्पती, बुरशी आणि शेवाळे मिळून दोनशेंहून अधिक भरतात. त्या सर्वांच्या विशेषणातील पहिले अक्षर गाळून 'अफ्रा', म्हणजे आफ्रिकेचा, असे रूप करावे, अशी सूचना होती. ती ३५१ विरुद्ध २०५ मतांनी संमत झाली.

एका अक्षरासाठी एवढा खटाटोप ज्या शब्दामुळे करावा लागला, तो आज दक्षिण आफ्रिकेत सभ्य माणूस उच्चारीत नाही. बोलताना लोक 'के-शब्द' एवढेच म्हणतात, आणि कोणाविषयी काय म्हटले गेले ते ऐकणारास तेवढ्यावरून कळते. काळ्या माणसास उद्देशून हा शब्द उच्चारल्याबद्दल तेथे नोकऱ्या गेल्या आहेत, दंड झाले आहेत, तुरुंगवासही घडला आहे. आणि तरीही दोन शतकांपूर्वी हाच शब्द धर्मनिष्ठ मिशनरी आपल्या व्याकरणग्रंथांच्या मुखपृष्ठावर निःशंकपणे छापीत होते. शब्द तोच होता. तेव्हा मधल्या काळात असे काय घडले, की एके काळच्या विद्वानांच्या शब्दास आज न्यायालयात जाब द्यावा लागतो?

शब्द मूळचा अरबी. 'क-फ-र' ह्या धातूचा अर्थ झाकणे, आच्छादणे. बी पेरून त्यावर माती लोटणारा शेतकरी हाही ह्या अर्थाने काफिरच. कुराणाच्या सत्तावन्नाव्या अध्यायात पावसाने तरारलेले पीक पाहून हर्षित होणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ह्याच धातूपासून झालेले रूप आले आहे. सत्यावर पडदा टाकणारा, ईश्वराचे उपकार झाकून ठेवणारा, म्हणून श्रद्धाहीन, असा अर्थ त्यावरून निघाला आणि पुढे तोच रूढ झाला. त्यात निंदा होती हे खरे. परंतु ती निंदा श्रद्धेसंबंधी होती, कातडीच्या रंगाशी तिचा काही संबंध नव्हता. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास हा शब्द फार्सी तवारिखांतून परिचित आहेच; तेथे तो मराठ्यांनाच लावलेला आढळतो. अफगाणिस्तानच्या ईशान्येस हिंदुकुशाच्या दऱ्यांत आपला जुना धर्म पाळणारे लोक राहत असत, म्हणून त्यांच्या मुलखास काफिरिस्तान म्हणत. अमीर अब्दुर रहमान खान ह्याने १८९५-९६ च्या मोहिमेत तो मुलूख जिंकला, तेथील लोक मुसलमान झाले, आणि मुलखाचे नाव नूरिस्तान, म्हणजे प्रकाशाचा देश, असे ठेवण्यात आले. धर्म बदलताच जुने नाव सुटले. आफ्रिकेत ह्या शब्दाची जी गती झाली ती समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण तेथे बाप्तिस्मा घेऊन, शाळेत शिकून, इंग्रजी पोषाख करूनही ते नाव कोणास सुटले नाही.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाला, किल्वा, मोंबासा ह्या बंदरांतून अरबांचा व्यापार शतकानुशतके चाले. किनाऱ्यावरील स्वाहिली लोक स्वतः मुसलमान होते आणि त्यांतील बहुतेक वर्णाने काळेच होते. साहजिकच 'काफिर' म्हणजे आतल्या मुलखातील इस्लाम न स्वीकारलेले लोक, इतकाच त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. १४९८ साली वास्को द गामा ह्या किनाऱ्यास लागला आणि त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला. आता अरबांच्या मूळ अर्थाने पाहिले तर पोर्तुगीज हेही काफिरच ठरत होते! परंतु त्यांनी शब्द घेतला तो त्यातील धर्म गाळून. त्यांच्या तोंडी त्याचे 'काफ्र' झाले आणि त्याचा अर्थ झाला आफ्रिकेतील काळा माणूस. शब्दाच्या प्रवासातील पहिले वळण हे. श्रद्धेचे नाव वर्णाचे नाव बनले.

हे नाव गुलामांच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यासही आले. १५१० मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगीज तेथे मोझांबिकहून गुलाम आणू लागले. १५८३ साली गोव्यास येऊन तेथील आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन ह्याने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मोझांबिकच्या ह्या 'काफ्र' लोकांविषयी आणि त्यांच्या विक्रीविषयी लिहून ठेविले आहे. कोकणीतील 'खाप्री' आणि मल्याळममधील 'काप्पिरी' ही ह्याच शब्दाची रूपे. कोचीच्या मट्टांचेरी भागात काप्पिरी मुत्तप्पन नावाचे एक स्थान आहे. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, तेव्हा पळून जाणाऱ्या पोर्तुगीजांनी आपले धन भिंतींत पुरले आणि त्याच्या राखणीस आपल्या आफ्रिकी गुलामांना मारून तेथेच गाडले, अशी दंतकथा तेथे सांगतात. त्या अनाम गुलामाच्या आत्म्यास लोक आजही चिरूट, ताडी आणि अंडी अर्पण करतात. त्याचे स्वतःचे नाव कोणास ठाऊक नाही. मालकांनी दिलेले नाव तेवढे मागे राहिले.

परंतु ह्या शब्दाचे भवितव्य खऱ्या अर्थाने ठरले ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकास. १६५२ मध्ये डचांनी केपला वसाहत केली; १८०६ नंतर ती कायमची इंग्रजांच्या हाती गेली. वसाहत पूर्वेकडे सरकत गेली तसा तिचा संबंध गुरे पाळणाऱ्या, शेती करणाऱ्या आणि सुसंघटित राज्ये असलेल्या खोसा लोकांशी आला. ते स्वतःस 'अमाखोसा' म्हणवीत. वसाहतवाल्यांनी मात्र पोर्तुगीजांकडून आलेले तयार नाव त्यांना लावले. खोसा, झुलू, सोथो, त्स्वाना ह्यांच्या भाषा व राज्ये निरनिराळी असताही ह्या एका नावाखाली ते सरसकट दडपले गेले. मुंबईत एके काळी तमिळ, तेलुगू, कानडी आणि मल्याळी अशा सगळ्यांस 'मद्रासी' म्हणून मोकळे होत, त्यातलाच हा प्रकार.

तथापि ह्या वेळीही त्यात द्वेष भरला होता असे म्हणता येणार नाही. विल्यम बॉइस ह्या वेस्लियन मिशनऱ्याने १८३४ साली ग्रॅहम्सटाउन येथे 'काफिर भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. खोसा भाषेत नामाच्या आरंभीचा उपसर्ग वाक्यातील विशेषणास आणि क्रियापदास कसा जोडला जातो आणि साऱ्या वाक्यात एकच नाद कसा खेळत राहतो, हे रहस्य उलगडून दाखविण्याचे श्रेय त्यास दिले जाते. एखाद्या लोकसमूहाच्या भाषेचे असे सूक्ष्म निरीक्षण तुच्छतेपोटी होत नसते. १८९९ साली लव्हडेल येथून क्रॉफ ह्या जर्मन मिशनऱ्याचा मोठा कोश निघाला, तोही 'काफिर-इंग्रजी' ह्याच नावाने. ह्या ग्रंथकारांच्या मनात अपमान नव्हता. पण ज्यांचे नाव ते छापीत होते त्यांना ते नाव मान्य आहे की नाही, हा प्रश्नही त्यांना पडला नव्हता. शब्दात पुढे जे विष भरले त्यासाठी जागा ह्या न विचारलेल्या प्रश्नाने करून ठेविली होती.

विष भरले ते कोशांच्या बाहेर. १७७९ ते १८७९ ह्या शंभर वर्षांत वसाहत आणि खोसा ह्यांच्यामध्ये नऊ युद्धे झाली. वसाहतीच्या शालेय पुस्तकांत त्यांस 'काफिर युद्धे' म्हणत. आजचे इतिहासकार त्यांना सरहद्दीची युद्धे म्हणतात. प्रत्येक युद्धागणिक खोसांची कुरणे गेली, नद्यांचे काठ गेले, गुरे गेली. १८४७ साली गव्हर्नर सर हॅरी स्मिथ ह्याने जिंकलेल्या प्रदेशास 'ब्रिटिश काफ्रारिया' असे नाव दिले. मागे सांगितलेले दूषण आता नकाशावर मुलखाचे नाव म्हणून उमटले. पुढे १८५६-५७ मध्ये नोंगकावुसे नावाच्या मुलीला झालेल्या दृष्टान्तावर विश्वास ठेवून हजारो खोसांनी आपली गुरे मारून टाकली आणि शेते पेरणे सोडून दिले. पूर्वज उठून येतील, नवी गुरे येतील आणि गोरे समुद्रात जातील, अशी त्यांची आशा होती. त्यानंतर पडलेल्या दुष्काळात सुमारे चाळीस हजार माणसे भुकेने मेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जे उरले त्यांतील असंख्य लोक अन्नासाठी वसाहतीत मजुरीस गेले. कालपर्यंत ज्यास शत्रू म्हणून हे नाव होते, तो आता चाकर म्हणून त्याच नावाचा धनी झाला.

चाकराचे नाव झाल्यावर शब्दाची घसरण फार जलद झाली. १८६७ नंतर किंबर्ली येथे हिरे आणि १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले. खाणींना स्वस्त मजूर हवे होते. काळ्या मजुरांस कराराच्या मुदतीपर्यंत कुंपणाच्या आवारांत ठेवीत. बाहेर पडताना अंगावर परवाना बाळगावा लागे. अंगमेहनतीचे जे काम गोऱ्याने करणे कमीपणाचे, त्यास 'काफिर-काम' हा शब्द रूढ झाला. लंडनच्या शेअर बाजारात दक्षिण आफ्रिकेच्या खाणींच्या भागांस दलाल 'काफिर्स' असेच म्हणत, आणि १८९५ मध्ये त्या भागांचे भाव जे चढले त्याची हकीकत आर्थिक इतिहासात प्रसिद्ध आहे. माणसाचे नाव प्रथम मुलखास लागले, मग कामास आणि अखेर कागदाच्या भागांस! आपली ज्वारीदेखील ह्यातून सुटली नाही. आफ्रिकेतून अन्यत्र नेलेल्या ज्वारीच्या एका प्रकारास इंग्रजीत 'काफिर कॉर्न' म्हणत. अशा रीतीने तो शब्द विशेषण झाला. वस्तूस तो लागला की ती ओबडधोबड किंवा हलकी आहे असे समजावे, आणि माणसास लागला की त्यास उलट उत्तर देण्याचा अधिकार नाही असे समजावे, असा संकेत तयार झाला.

ज्यांना हा शब्द लावला जात होता ते स्वस्थ बसले नव्हते. आपणांस काय म्हणावे हे आपण ठरवू, हा त्यांच्या राजकारणाचा एक भागच होता. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लुमफाँटेन येथे त्यांची जी राष्ट्रसभा स्थापन झाली तिच्या नावात 'नेटिव्ह' हा शब्द होता. १९२३ साली तो काढून तिचे नाव 'आफ्रिकन नॅशनल काँग्रेस' करण्यात आले. 'नेटिव्ह' शब्दाची कथा मराठी वाचकास नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी'च्या नावात तो कोणास खटकत नव्हता. पुढे साहेबाच्या तोंडून तो ऐकताना सुशिक्षितांच्या कपाळास आठी पडू लागली.

१९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट अधिकारारूढ झाली आणि तिने ह्या नामांतरास एक चमत्कारिक वळण दिले. 'नेटिव्ह' ऐवजी तिने सरकारी कारभारात 'बंटू' हा शब्द आणला. हा शब्द मूळचा किती सुंदर! 'अबान्तु' म्हणजे माणसे. भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक ह्याने त्यावरून एका विशाल भाषाकुलास बंटू हे नाव दिले होते. परंतु १९५३ च्या 'बंटू शिक्षण' कायद्याने काळ्या मुलांस मुद्दाम कनिष्ठ प्रतीचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली, 'बंटू' खात्याचे अधिकारी घरे पाडू लागले आणि परवाने तपासू लागले, आणि थोड्याच वर्षांत माणूस ह्या अर्थाचा तो शब्द माणसांना शिवीसारखा लागू लागला. तेव्हा १९७८ साली खात्याचे नाव पुन्हा बदलून त्यात 'प्लुरल', म्हणजे अनेकवचनी, हा शब्द घालण्यात आला. मग गावाकडचा काळा माणूस म्हणजे 'ग्रामीण अनेकवचन' काय, अशी थट्टा होऊ लागली. तेही नाव टिकले नाही. परवाना तोच, कुंपण तेच आणि मजुरी तीच असता पाटीवरचे नाव बदलून काय होणार? मातीच्या भांड्यात काल जे होते त्याचाच वास आज ओतलेल्या पाण्यासही लागतो. ह्याच्या उलट, १९६९ साली स्टीव्ह बिको ह्याच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांची जी चळवळ पुढे आली तिने 'काळे' हा साधा शब्द स्वतः होऊन स्वीकारला. बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत मेला, पण तो शब्द राहिला, कारण तो कोणी वरून लादलेला नव्हता.

येथवरच्या कथेत हिंदी माणूस प्रेक्षक म्हणून उभा आहे असे कोणास वाटेल, तर ते खरे नव्हे. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' नावाचे जहाज मद्रासहून ३४२ गिरमिटिये घेऊन नाताळच्या बंदरास लागले. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख मजूर तेथे गेले. त्यांचे नाव 'कुली'. हा शब्द तमिळमधील मजुरी ह्या अर्थाच्या 'कूलि'वरून आला की गुजरातेतील कोळी जमातीच्या नावावरून, ह्याविषयी मतभेद आहे. पण दोहोंपैकी कोणत्याही मुळात अपमान नाही. नाताळात मात्र व्यापारी असो, कारकून असो, शिक्षक असो, हिंदुस्थानातून आलेला प्रत्येकजण कुली ठरला. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्यात तो शब्द प्रत्यक्ष घातलेला आहे. त्यातून निसटण्यासाठी मुसलमान व्यापारी स्वतःस अरब म्हणवीत आणि पारशी स्वतःस पर्शियन म्हणवीत. १८९३ साली डर्बनला उतरलेले मोहनदास गांधी 'कुली बॅरिस्टर' झाले.

ह्या शब्दाची बोच ज्याने सोसली त्याच गांधींच्या त्या वर्षांच्या लेखनात दुसरा शब्द वारंवार येतो. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सर फिरोजशहा मेहता ह्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांविषयी सभा झाली. गांधींचा आवाज सभागृहात पोहोचेना, म्हणून त्यांचे लिखित भाषण आधी केशवराव देशपांडे आणि मग दिनशा वाच्छा ह्यांनी वाचून दाखविले. हिंदी लोकांस गोरे 'काफिरां'च्या पातळीवर ओढू पाहतात, ही त्या भाषणातील एक मुख्य तक्रार होती. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या तरुण बॅरिस्टरास अन्यायाची ती दुसरी पायरी तेव्हा दिसत नव्हती. आपणांस खालच्या पायरीवर का बसविता, असे तो विचारीत होता. त्या पायरीवर आधीच बसविलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या सभेपुढे आला नाही. पुढे त्यांची दृष्टी पालटली. 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह' हा ग्रंथ त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात सांगण्यास आरंभ केला. त्यात झुलू लोकांचे जे वर्णन आहे ते आदराने आणि कौतुकाने भरलेले आहे. तथापि छापील अक्षर मागे राहतेच. घानाच्या विद्यापीठात २०१६ साली भारताच्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधींचा पुतळा उभारण्यात आला, आणि तेथील प्राध्यापक व विद्यार्थी ह्यांनी ह्याच जुन्या लेखनाकडे बोट दाखविल्यावर २०१८ च्या डिसेंबरात तो त्या जागेवरून हलविण्यात आला. ह्या घटनेने भारतात अनेकांस दुःख झाले. पण 'कुली' शब्दाने ज्यांच्या पूर्वजांची मान खाली गेली, त्यांना त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे समजणे अवघड जाऊ नये. स्वतः भारतानेही २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात स्थानकावरील कुलींस 'सहायक' म्हणण्याचे जाहीर केलेच होते.

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी तरुणांनी ह्या जुन्या चुकीची एक प्रकारे भरपाई केली असेही इतिहास सांगतो. बिकोच्या चळवळीने 'काळे' ह्या शब्दात वर्णद्वेषाखाली भरडलेल्या सर्वांचा समावेश केला, आणि अनेक हिंदी विद्यार्थी आपण होऊन स्वतःस काळे म्हणवू लागले. ज्यांच्या आज्यांनी अरब किंवा पर्शियन म्हणवून निसटण्याची धडपड पाहिली होती, त्यांच्या नातवंडांनी तो मार्ग सोडून दिला.

ह्यानंतर पाळी आली न्यायालयांची. वर्णद्वेषी राजवट चालू असतानाच, १९७६ साली, नाताळच्या न्यायालयाने काळ्या माणसास 'काफिर' म्हणणे हा त्याच्या प्रतिष्ठेवरील आघात ठरू शकतो असे मानले. १९९४ मध्ये लोकशाही आली; २००० साली समतेचा कायदा झाला. २०१६ च्या नोव्हेंबरात तेथील घटना न्यायालयापुढे एक प्रकरण आले. करखात्यातील एका गोऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या काळ्या वरिष्ठाबद्दल हा शब्द वापरला होता, आणि लवादाने त्यास नोकरीवर परत घेण्याचा हुकूम दिला होता. सरन्यायाधीश मोगोएंग ह्यांच्या न्यायपीठाने तो हुकूम रद्द केला. ह्या शब्दाचा अरबी अर्थ काय, ह्याच्या जोरावर अशा प्रकरणात कोणाची सुटका होण्यासारखी नव्हती. वरिष्ठास तो शब्द ऐकवणाऱ्याच्या मनात क-फ-र हा धातू नसतो, खाणीचे कुंपण असते.

येथे कोणी असे म्हणेल, की मग हा शब्द जगातून पुसूनच टाकावा. परंतु इतिहासाने ह्या नियमासही एक अपवाद ठेविला आहे. सिंहलद्वीपात पोर्तुगीज, डच आणि इंग्रज ह्यांनी आणलेल्या आफ्रिकी सैनिकांचे व गुलामांचे वंशज पुत्तलम जिल्ह्यात सिरंबियाडिया गावी राहतात. ते संख्येने फार थोडे आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांची पोर्तुगीज वळणाची बोली लुप्त होत चालली आहे, मात्र त्यांची गाणी अजून ऐकू येतात. ते स्वतःस 'काफिर' म्हणवितात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. त्या नावाने त्यांना परवाना मागणारे कोणी उरले नाही, आणि ते नाव आता त्यांच्या स्वतःच्या हाती आहे. जो शब्द जोहान्सबर्गमध्ये गुन्हा, तोच तेथे कुळाचे नाव.

त्याचप्रमाणे इतिहासकारासही हा शब्द टाळून चालणार नाही. बॉइसच्या व्याकरणाचे नाव बदलून छापले, 'ब्रिटिश काफ्रारिया'चा उल्लेख गाळला, किंवा मुंबईच्या भाषणातील ते वाक्य खोडले, तर लोप पावेल तो अपमान नव्हे. अपमानाचा पुरावा तेवढा नाहीसा होईल. दप्तरात शब्द जसाच्या तसा राहिला पाहिजे आणि जिवंत माणसाशी बोलताना तो जिभेवर येता कामा नये. ह्या दोन गोष्टींत विसंगती नाही.

प्राणिशास्त्रज्ञांनी वनस्पतिशास्त्रज्ञांचे अनुकरण केलेले नाही. आफ्रिकेच्या रानरेड्याच्या लॅटिन नावात स्पारमान ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७९ साली घातलेले 'काफर' हे विशेषण तसेच आहे. नावे बदलू लागलो तर शास्त्रात गोंधळ माजेल, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्यही आहे. रेड्यास आपल्या नावाचे सुखदुःख नाही. पण त्या रानाच्या कडेला ज्यांची गावे आहेत, ज्यांच्या आजोबांनी ह्याच नावाची हाक ऐकून खाणीत उतरण्यासाठी रांग धरली होती, त्यांच्यातील एखादा मुलगा उद्या प्राणिशास्त्राच्या वर्गात बसेल आणि त्यास ते नाव फळ्यावरून वहीत उतरून घ्यावे लागेल. माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात तरी त्या मुलावर ती पाळी येऊ नये अशी व्यवस्था केली आहे.